उन्हाची सांधणी

टिमकी, नागपूर
९ ऑक्टोबर १९८३

देवराव,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता शेजारच्या कौशल्याकडून लिहून घेतला आहे. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच.

हे पत्र दिलजमाईचं नाही. सहा वर्षांपूर्वी बाबांची तेरवी झाली आणि तू त्यांचे दोन्ही माग पॉवरलूमवाल्याला विकायचं काढलंस. मी गोळीबार चौकात भाषण केलं. तू गर्दीच्या कडेला होल्डॉल घेऊन उभा होतास आणि भाषण संपायच्या आत स्टेशनवर गेलास. त्या भाषणातला एक शब्दही मी मागे घेणार नाही. दोन्ही माग घरात आहेत, चालते आहेत. एकावर मी बसते, एकावर कौशल्या. एवढं सांगून तो विषय बाजूला ठेवते, कारण माझं तुझ्याकडे काम आहे.

खाप्याच्या विणकर सोसायटीची आमसभा होळीनंतर आहे. अध्यक्ष मनोहरराव. हातमागासाठी आलेलं चांगलं सूत ते बाहेरच्या पॉवरलूमवाल्यांकडे वळवतात आणि भिजलेलं, गाठाळलेलं सूत सभासदांच्या गळ्यात मारतात. हे खाप्यात सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याच्या-त्याच्या घरात, दार लावून माहीत आहे. अन्याय सगळ्यांना ठाऊक असून चालत नाही, देवराव. तो सगळ्यांनी एका जागी, एका वेळी ऐकावा लागतो. तेव्हाच शेजारी शेजाऱ्याकडे बघतो. यंदा रुपराव नावाचा एक विणकर त्यांच्याविरुद्ध उभा राहतो आहे. निवड हात वर करून होते. मनोहरराव पुन्हा आले तर सोसायटीचं शेड पॉवरलूमला देणार, हे त्यांनी लपवलेलंही नाही. मग खाप्याचे माग सरपणाला जातील.

अडचण अशी की खाप्याच्या चौकातला करंट मनोहररावांच्या तेलगिरणीतून येतो. मी माईकसमोर उभी राहिले की तो जातो. "लाइन गेली बाई," असं त्यांचा चपराशी बाबनराव हात जोडून सांगतो आणि त्याच्या पाठीमागे गिरणीचा पट्टा फटफट चालू असतो. भाड्याची बॅटरी घेऊन पाहिली. तिथलं चार्जिंगचं दुकान मनोहररावांच्या भाच्याचं. भरलेली म्हणून दिलेली बॅटरी माझ्या दुसऱ्या वाक्याला मेली. आणि आमसभेआधी मला आसपासच्या गावांतून फिरायचं आहे. तिथे तर खांबही पोचलेले नाहीत.

तू म्हणशील, पूर्वी तर करंट गेला तरी तू भोंग्याशिवाय बोलायचीस. खरं आहे. यंदा पाऊस लांबला आणि खोकला धरला आहे. बाकी काही नाही.

महालातल्या ग्रंथालयात मी एका मासिकात वाचलं की उन्हातून करंट काढणाऱ्या चकत्या निघाल्या आहेत. उपग्रहांवर बसवतात, आता जमिनीवरही बसवू लागले आहेत. आणि कौशल्याचा भाऊ बंगलोरला तुला भेटला होता, त्याने सांगितलं की तू अशाच कारखान्यात आहेस. टवका उडालेल्या चकत्या कारखाना बाहेर विकतो असंही तो म्हणाला. त्या मला पाठव. रीतसर घेऊन पाठव; चोरीच्या उन्हावर मी बोलणार नाही.

त्या वेळी तू मला टोमणा मारला होतास, हातमागाच्या बाजूने बोलते आणि भोंगा मात्र विजेचा लावते. त्याचं उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं, कारण तू निघून गेलास. माझं विजेशी कधीच भांडण नव्हतं. ज्या घरात भाकरी भाजायची त्या घरातल्या चुलीचा विस्तव शेजारच्या सावकाराने विझवायचा की नाही, याच्याशी माझं भांडण आहे. बटण कोणाच्या हातात, एवढाच माझा प्रश्न आहे. सूर्याचं बटण अजून कोणाच्या गिरणीत बसवलेलं नाही.

माय बरी आहे. तुझं नाव काढत नाही. मी लिहायला बसले तर दोनदा येऊन विचारून गेली, "कोनाले लिहून राहिली वं?" मी म्हटलं, आमच्या विणकर संघटनेचं आहे. तर म्हणाली, "संघटनेच्या कागदावर इतकं खोडत नसते तू."

सत्यवती


टिमकी, नागपूर
२७ नोव्हेंबर १९८३

देवराव,

पार्सल पोचलं. आत चिठ्ठी नव्हती. कानडी वर्तमानपत्राचे कागद होते, ते मी उलटसुलट करून पाहिले, कोपऱ्यातही काही लिहिलेलं नव्हतं. ठीक आहे. न बोलता भांडणं तुला जमतं हे आम्हाला आधीच ठाऊक होतं.

चकत्या देखण्या आहेत. निळसर काळ्या, पापडासारख्या गोल आणि तशाच मोडणाऱ्या. थोड्या वाटेत फुटल्या, बाकी पुरेशा आहेत. मायने एक हातात घेतली, उन्हात धरली, नाकाशी नेली.

"हे देवरावनं बनवलं?"

"त्याच्या कारखान्यानं."

"म्हंजे त्यानंच."

मग तिने बाकीच्या एकेक करून परातीत मांडल्या, कोणाला हात लावू दिला नाही.

इतवारीतल्या तसबिरीवाल्याकडून दोन काचा आणि सागाच्या चौकटी करून आणल्या. सदर बाजारातून कथलाचा डाख द्यायची डाखणी आणि एक मीटर आणला. प्रत्येक चकतीला तू तारेच्या ज्या दोन शेपट्या जोडून पाठवल्या आहेस, एक तोंडाकडची आणि एक पाठीकडची, त्या एकमेकींना जोडायच्या हे उघडच होतं. मी बसणार होते. माय म्हणाली, "तू भाषन दे. सांधनी तुह्या हातची नाही."

तुला सांगायला नको, सांधणीत टिमकीत अजून तिचा हात धरणारं कोणी नाही. मागावरचा जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचं टोक न् टोक जुन्याला राखेच्या बोटाने पिळून जोडायचं. लालला लाल, पांढऱ्याला पांढरा, काठाच्या धाग्याला काठाचा धागा. एक चुकला की आख्खं लुगडं वाया. तिने इथेही तसंच केलं. तोंडाकडच्या सगळ्या शेपट्या तोंडाकडच्यांना, पाठीकडच्या सगळ्या पाठीकडच्यांना. दुपारची जेवणं झाली की ती बसायची आणि दिवेलागणीला उठायची. डाखाचे थेंब असे बसवले आहेत की मोत्यांची ओळ वाटावी. मी शेजारी बसून म्हणालेसुद्धा, की सारख्याने सारख्याला धरावं हेच तर आपल्या संघटनेचं तत्त्व आहे. पुढच्या भाषणासाठी ते वाक्य टिपून ठेवलं.

काल भर दुपारी चकत्या बसवलेली चौकटीची पाटी अंगणात ठेवली. मोटारीचा बारा व्होल्टचा दिवा जोडला. सगळी आळी जमली होती. दिवा लागला नाही. तारा तपासल्या, पाटी फिरवली, काच पुसली. मीटर लावला तर काटा जरासा हलल्यासारखा झाला आणि बसला. आळीतलं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

म्हणून सरळ विचारते. तू मेलेल्या चकत्या पाठवल्यास का? माझ्यावर राग असेल तर तो कागदावर लिहून पाठव, मी वाचेन आणि उत्तर देईन. पण मायच्या हातात कचरा देऊन तो काढू नकोस. ती आज सकाळपासून तीनदा अंगणात जाऊन पाटीवरून पदर फिरवून आली. "धूळ बसली असन," म्हणते.

आमसभेची तारीख लागली आहे. मला उलट टपाली उत्तर हवं.

सत्यवती


टिमकी, नागपूर
१८ डिसेंबर १९८३

देवराव,

तुझं पत्र आलं. पोस्टमनने हाक दिली तेव्हा मी मागावर होते, माय दाराशी होती. तिला वाचता येत नाही, पण पाकीट घेऊन ती माझ्यासमोर उभी राहिली. म्हणाली, "फोड. अन् मोठ्यानं वाच, सभेत वाचते तसं."

मी वाचलं. सुरुवातीलाच तू मला पूर्वीसारखं बाई म्हटलं आहेस.

"बाई, चकत्या जिवंत आहेत. पाठवायच्या आधी मी एकेक तपासली आहे. मला एकच सांग, जोडणी मायने केली ना? तोंडाला तोंड, पाठीला पाठ?"

इथे मी थांबले. माय म्हणाली, "त्याले कसं समजलं?"

पुढे वाचलं. "एक चकती अर्धाच व्होल्ट देते. तुम्ही सगळ्यांना एकाच पातळीवर उभं केलं, म्हणून जोर वाढला पण उंची अर्ध्या व्होल्टवर राहिली. दिव्याला उंची लागते. त्यांना रेशनच्या रांगेसारखं उभं करा. हिचं तोंड तिच्या पाठीला, तिचं तोंड पुढचीच्या पाठीला. मग प्रत्येक चकती आपला अर्धा व्होल्ट पुढचीच्या डोक्यावर ठेवत जाते. बाई, कारखान्यात पहिल्या दिवशी मीही हेच केलं होतं. आख्खी पाटी तोंडाला तोंड जोडली. सुपरवायझरने चार जणांना बोलावून दाखवली. ते हसले. मी म्हटलं, आमच्यात असंच जोडतात. तेव्हापासून तिथे मला वीव्हर म्हणतात. मी ते नाव कधी नाकारलं नाही. पार्सलमध्ये कागद मुद्दाम घातला नव्हता. वाटलं, अडलीस तर लिहिशील."

मी हे वाचलं आणि पाणी प्यायला उठले. परत आले तर माय पाकीट उलटं करून आत अजून काही आहे का ते बघत होती.

"अजून कोष्टीच आहे नं मंग तो," ती म्हणाली. मग जरा थांबून, "अन् सुपरवायझराले लिही म्हना, आमची सांधनी बरोबर आहे. त्याह्यचीच वीज उलटी आहे."

मी भाषणात म्हटलं होतं की देवरावने मागावरून उठताना हात धुऊन टाकले. भाषण म्हणून ते अजूनही चांगलंच आहे. पण तुझ्याविषयीची माझी माहिती जुनी झाली होती, आणि जुन्या माहितीवर मी भाषण करत नसते.

तू पाठवलेला डायोड आणि काचेच्या कडा बंद करायची पारदर्शक लुकण पोचली. डायोड मी मायला समजावून सांगितला. दिवसा पाटीतला करंट बॅटरीत जातो, ऊन गेलं की तोच बॅटरीतून उलटा पाटीत जाऊन वाया जाऊ पाहतो. हा दारात बसतो, आत येऊ देतो, बाहेर जाऊ देत नाही. तिने त्याचं नाव सासू ठेवलं आहे.

आता सगळी सांधणी उसवायची आहे. शेपटी ओढली की चकती तडकते, आणि जादा चकत्या मोजक्याच उरल्या आहेत. माय म्हणते, सूत गुंतलं तर कापायचं नसते, बसायचं असते. उद्यापासून बसतो आहोत.

तू विचारलंस, इतकी घाई कशाची, भोंग्याशिवाय एक वर्ष काढता येणार नाही का. नाही. आमसभा पाच वर्षांतून एकदाच निवड करते. कारण एवढंच आहे.

सत्यवती


सावनेरजवळ
२९ जानेवारी १९८४

देवराव,

हे पत्र बैलबंडीत बसून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस.

दिवा लागला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, अंगणात, भर दुपारी. तो लागला आहे की नाही हे उन्हात दिसेना, म्हणून आळीतल्या प्रत्येकाने हाताची ओंजळ करून दिव्याला डोळा लावला. कौशल्याने तर तीनदा. उसवताना दोन चकत्या गेल्या, तेवढं नुकसान झालं. माय आता नवी रीत इतक्या ऐटीत सांगते, की जणू तिनेच शोधून काढली. "तोंडाले पाठ. तोंडाले तोंड लावलं की नुसत्या गप्पा होते, काम होत नाही." हे तिचं वाक्य माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त चाललं आहे.

यंत्र असं बसवलं आहे. दोन पाट्या बिजागरीने जोडल्या आहेत, मिटल्या की काचा आत जातात आणि मध्ये गोधडी असते. बाहेरून दोरीची मूठ. बॅटरी वेताच्या टोपलीत, ऍम्प्लिफायर माझ्या पिशवीत, भोंगा ज्याला हौस असेल त्याच्या खांद्यावर. एसटीत कंडक्टर म्हणाला, "बाई, कॅरम घेऊन कुठं?" माय म्हणाली, "स्पर्धेले." त्याने कॅरमचं तिकीट लावलं नाही. खेड्यात बंडी मिळाली की पाटी वर उघडी टाकतो आणि बॅटरी भरत भरत आम्ही पुढच्या गावाला पोचतो. गावात शिरलो की आधी बायका काचेत बघून केस सारखे करतात, मग विचारतात हे काय आहे. मी सांगते. मग त्या पुन्हा बघतात, या वेळी काचेच्या आत.

देवराव, मी आयुष्यभर वाचत आले, सत्ता कशी चालते ते. राजांची, साहेबांची, गिरणीवाल्यांची. पण आपला आवाज आपल्या पाठीवर घेऊन गावात शिरण्यातलं बळ मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. मला कोणाकडे "जरा लाइन द्या" म्हणावं लागत नाही. एवढ्याने माणूस ताठ चालतो.

एक शिकावं लागलं. मी जुन्या सवयीने तोंड फाडून बोलले की बॅटरी लवकर बसते आणि भोंगा चिरकतो. हळू बोललं की दूर जातं. मला हे पटायला आठ गावं लागली.

आता माय म्हणते, मले लिहायचं आहे. ती सांगते तसं लिहिते आहे.

"देवराव, मी तुही माय सांगून राहिली. सत्यवती लिहून राहिली पन खरं लिहीन की नाही माहीत नाही. खोकला-बिकला काही नाही. तिच्या गळ्यात गाठी झाल्या. मोठ्या दवाखान्यातल्या डाक्टरनं पावसाळ्यातच सांगतलं, जोरात बोलली तर आवाज जाईन, परत येनार नाही. लिहिलं का वं? वाचून दाखव. म्हनून तिले तुह्या पापडाची घाई होती. तुले सांगाची लाज वाटते तिले. काहून, त मले माहीत नाही. भाषनात लाज वाटत नाही."

मी लिहिलं. तिने सांगितलं ते सगळं लिहिलं, कारण ती अक्षरं मोजल्यासारखी कागदाकडे बघते आहे. डॉक्टरचं म्हणणं तिने थोडं वाढवलं आहे. फार नाही.

तुझी दया मला नको होती, चकत्या हव्या होत्या, म्हणून सांगितलं नाही. आता दोन्हींतलं काय पाठवायचं ते तू ठरव.

बाई


टिमकी, नागपूर
२३ मार्च १९८४

देवराव,

तुझी तार आमसभेच्या दिवशी सकाळी मिळाली. तीन शब्द, "हळू बोल. वीव्हर." ती मी पिशवीत ठेवली होती.

सभा कन्हानच्या काठच्या मैदानात होती. खाप्याचं सगळं कोष्टीपुरं आलं होतं, आसपासच्या गावचे सभासदही. पाटी आम्ही सकाळीच पाराच्या कट्ट्यावर उन्हात टेकवून ठेवली, शेजारी बॅटरीची टोपली. मनोहररावांचं भाषण त्यांच्या भोंग्यावर झालं. चांगलं झालं. माणूस वाईट बोलत नाही. मग रुपरावच्या बाजूने माझं नाव पुकारलं गेलं आणि नेहमीप्रमाणे बाबनराव हात जोडून पुढे आला.

"लाइन गेली बाई."

मी म्हटलं, "राहू द्या बाबनराव, तुमच्या लाइनीलाही आराम पाहिजे." आणि आमचा माईक हातात घेतला.

मी हळू सुरू केलं. घरात बोलते तसं. शेवटच्या ओळीत नदीच्या बाजूला म्हातारे बसले होते, ते पुढे सरकले नाहीत, म्हणजे त्यांना ऐकू जात होतं. मी सुताची एक लड दाखवली, सोसायटीने दिलेली, हाताने ओढली की तुटणारी. दुसरी दाखवली, तोच मार्का, पॉवरलूमवाल्याच्या गोदामातून विकत आणलेली, ओढूनही न तुटणारी. ओरडायची गरजच नव्हती. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

तेवढ्यात मनोहररावांनी खुर्चीवरूनच बाबनरावला काही खूण केली. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की बाईचं मशीन उन्हावर चालतं. बाबनराव गेला, काळी छत्री घेऊन आला आणि कट्ट्यावर चढून पाटीवर धरून उभा राहिला.

मी बोलत राहिले. भोंगा बोलत राहिला.

बाबनरावने वर बघितलं, छत्री जरा खाली घेतली. भोंगा चालूच. मग दुसऱ्या बाजूने एक कवडसा येत होता तिकडे कलती केली. मनोहररावांनी आणखी एकाला सतरंजी घेऊन पाठवलं. त्या दोघांनी मिळून पाटी अशी झाकली जशी नवरीला अंतरपाटाआड धरतात. आणि माझा आवाज नदीच्या पलीकडून परत येत होता. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की करंट पाटीतून नाही, बॅटरीतून येतो, आणि ती सकाळपासून भरून तुडुंब झाली आहे.

आधी पोरं खिदळली. मग बायका तोंडाला पदर लावू लागल्या. आणि माय उठली. खापा तिचं माहेर, बाबनरावला तिने चड्डीत पाहिलेला.

"बाबन," ती म्हणाली, "नीट धर गा छत्री. सकायपासून उन्हात आहे ते बिचारं."

देवराव, मी इतकी वर्षं भाषणं केली. माणसांना चिडवलं, रडवलं, मुठी वळायला लावल्या. पण एखाद्या माणसाची लोकांना वाटणारी भीती एका क्षणात जाताना मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती माझ्या कुठल्याच वाक्याने गेली नाही. सगळं मैदान हसत होतं. मनोहररावांच्या खुर्चीशेजारी बसलेले त्यांचे पंचसुद्धा खाली बघून हसत होते. बाबनराव तसाच उभा, कारण छत्री मिटा असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मीही हसले आणि तिथेच घात झाला. हसता हसता खोकला आला आणि खोकल्यानंतर आवाज आलाच नाही. तोंड उघडलं तर नुसती हवा. सुताचं आणि शेडचं बोलून झालं होतं, पण हात वर करायला सांगायचं राहिलं होतं, आणि तेच सांगायचं असतं. मी रुपरावकडे बघितलं. तो माईक बघून मागे सरकला. हसू ओसरायला लागलं होतं. मनोहरराव उठायच्या बेतात होते.

मायने माझ्या हातातून माईक घेतला. कसा धरायचा ते तिला माहीत नव्हतं, तिने तो मागाच्या धोट्यासारखा आडवा धरला. भोंग्यातून आधी तिच्या पदराची सळसळ ऐकू आली.

"मी तुळसाबाई. नारायनची पोरगी, इथलीच. मले भाषन येत नाही. ज्याले चांगलं सूत पायजे, त्यानं रुपरावच्या नावानं हात वर करा. ज्याले नको, त्यानं बाबनजवळ सावलीत जाऊन बसा."

सावलीत कोणी गेलं नाही.

मतमोजणी करायला आलेल्या सहकार खात्याच्या माणसाने एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं, आणि मग म्हणाला, "विरोधातले मोजतो, ते लवकर होईल." रुपराव आज सोसायटीच्या शेडची किल्ली घेऊन बसला आहे. सूत लगेच सुधारणार नाही, वळवणारे हात वरपर्यंत आहेत, मला भ्रम नाही. पण शेड राहिलं, माग राहिले.

डॉक्टर रागावला. आवाज फाटला आहे, गेलेला नाही. उन्हाळाभर अजिबात बोलायचं नाही असं फर्मान आहे. पोरांच्या दगडी पाटीवर खडूने लिहून मी घर चालवते आणि कौशल्या म्हणते टिमकीत इतकी शांतता तिला लग्नानंतर प्रथमच मिळाली. संघटनेची कामं थांबतील असं वाटलं होतं. पण खाप्याची गोष्ट पसरली आहे आणि उमरेडहून, पवनीहून निरोप येत आहेत. ते मला बोलवत नाहीत. ते म्हणतात, त्या छत्रीवाल्या आजी येतील का.

म्हणून आता यंत्र मायकडे आहे. बॅटरीतलं पाणी ती बघते, काच ती पुसते, मला हात लावू देत नाही. म्हणते, तुह्यासाठी देवराव दुसरं पाठवीन.

मेच्या सुट्टीत येतोस असं तू लिहिलंस, ते मी तिला वाचून दाखवू शकले नाही. कौशल्याने वाचलं. माय उठली. मग आत गेली, तुझी थाळी वरच्या फळीवरून काढली, घासली, पालथी घातली. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, लिही. तिच्याच शब्दांत लिहिते.

"येजो. घ्याले मी स्वतः टेसनवर येतो. पन गुरुवारची गाडी पकडू नोको. गुरुवारी माही सभा आहे उमरेडले."

बाई